पिकअपचं ॲव्हरेज १३ वरून १०.८ वर आलंय, नोझलला हात लावण्याआधी काय काय तपासावं?

हौदा१७००
गाडी: बोलेरो पिकअप, १.७ टन, बीएस-६, २५२३ सीसी, १ लाख ४२ हजार किमी झालेली.
काम: नारायणगाव ते वाशी मार्केट. जाताना टोमॅटो, येताना रिकामी कॅरेट. जाऊन-येऊन ३४० किमी, आठवड्याला चार फेऱ्या.
तक्रार: पावसाळ्याआधी १३ चं ॲव्हरेज होतं, आता १०.८. म्हणजे फेरीला २६ लिटर लागायचं तिथे साडेएकतीस लागतंय. लिटरला ९० रुपये धरले तर एका फेरीत पावणेपाचशे रुपये जास्त.
मधल्या काळात झालेली कामं: मागचे दोन टायर नवे, एअर फिल्टर नवा, रेडिएटर साफ करून कुलंट बदललं.
काळा धूर नाही, चेक इंजिनचा दिवा नाही, ओढायला ठीक आहे. गॅरेजमध्ये चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर) करून घ्या म्हणतायत. त्याआधी काय बघावं?

मोजपट्टी
आधी १०.८ हा आकडा खरा आहे का ते बघा. एका टाकीवर काढलेलं ॲव्हरेज म्हणजे अंदाजच असतो. पंपावरच्या नळीचा ऑटोकट (टाकी भरली की आपोआप बंद होणं) कधी लवकर पडतो, कधी उशिरा. गाडी जरा कलती उभी राहिली तरी लिटरभराचा फरक पडतो. ३१ लिटरमध्ये १ लिटर म्हणजे ३ टक्के चूक. म्हणून असं करा:

एकच पंप, शक्यतो तेच मशीन, गाडी दरवेळी त्याच जागी. पहिला ऑटोकट पडला की थांबा, वरून "राउंड फिगर" करू नका. ओडोमीटर लिहा. अशा सलग चार फेऱ्या. चारही फेऱ्यांचे किमी आणि चारही फेऱ्यांचे लिटर यांची बेरीज करून मगच भागाकार. १२०-१२५ लिटरमागे एखाद्या लिटरची चूक एक टक्क्याच्याही आत जाते.

पंपावर शंका असेल तर ५ लिटरचं सीलबंद माप मागायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त नाही. घनताही तपासून मागता येते. १५ अंशाला बदलून आलेला आकडा टँकरच्या चलनावरच्या आकड्यापेक्षा ३ किलो/घनमीटरच्या वर इकडेतिकडे नसावा.

दुसरं, मागचे टायर. या गाडीत किमी मोजले जातात ते मागच्या चाकांच्या फिरण्यावरून. नव्या टायरचं माप काय टाकलंत? २१५/७५ आर१५ च्या जागी ७.०० आर१५ चढवला तर घेर पाच-सहा टक्क्यांनी वाढतो. मीटर तेवढे किमी कमी दाखवतं आणि डिझेल एक थेंब जास्त न जळताही ॲव्हरेज पडलेलं दिसतं.

हौदा१७००
माप कंपनीने दिलेलंच आहे. फक्त आधीचे पार गुळगुळीत झाले होते.

मोजपट्टी
तरी फरक आहेच. घासून गेलेला टायर आणि नवा टायर यांच्या व्यासात १२ मिमीच्या आसपास फरक असतो, म्हणजे पावणेदोन टक्के. फोनच्या जीपीएसवर ५० किमी सरळ हायवे मोजून मीटरशी ताडून बघा. शिवाय नव्या टायरची नक्षी खोल असते, ती चालताना जास्त दबते, म्हणून सुरुवातीला तो जुन्यापेक्षा जड चालतो. तुमची घट १७ टक्क्यांची आहे. त्यातले दोन टक्के तर इथेच, कागदावर सापडले.

कुलंट
रेडिएटर साफ केला म्हणताय. त्या वेळी थर्मोस्टॅट, ज्याला आपल्याकडे "वॉल्व्ह" म्हणतात, तो परत बसवला का काढून टाकला?

हे विचारायचं कारण असं की गाडी तापते म्हटलं की वॉल्व्ह काढून फेकायची सवय अजून गेलेली नाही. जुन्या इंजिनांवर ते खपून जायचं. कॉमन-रेलवर (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी आताची इंजिनं) ते महाग पडतं. वॉल्व्ह नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी पूर्ण तापतच नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंड आहे, त्यामुळे तो थंड इंजिनाच्या हिशेबाने डिझेल सोडतो, आयडल चढं ठेवतो. ऑइल घट्टच राहतं, घर्षण वाढतं. धूर नाही, दिवा नाही, ओढ ठीक. लक्षणं तंतोतंत तुमची.

तपासायला ओबीडीचं ब्लूटूथ ॲडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं) घ्या, हजारभर रुपयांत मिळतं. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने अर्धा तास चालल्यावर कुलंटचं तापमान वाचा. ८० च्या वर स्थिर असेल तर वॉल्व्ह आहे आणि चालतोय. ६५-७० वर रेंगाळत असेल तर नाहीये किंवा उघडा अडकलाय. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत तो ७० ला पण मध्यावर असतो आणि ९५ ला पण.

माळशेज_उतार
एवढं सगळं करण्यापेक्षा घाटात न्यूट्रल मारा. माळशेज न्यूट्रलवर उतरला तर फेरीला लिटर वाचतं, सगळे करतात.

कुलंट
सगळे करतात आणि सगळे चुकतात. डिझेल कॉमन-रेलमध्ये गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की इंजेक्शन पूर्ण बंद होतं. चाकं इंजिनाला फिरवतात, डिझेल शून्य. न्यूट्रल मारला की इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल प्यावं लागतं, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे न्यूट्रलवर उतरताना तुम्ही डिझेल *जाळताय*. वरून साडेतीन टनाचा सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. आणि इंजिन बंद करून उतरणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे: ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सपाट रस्त्यावर लांबून सिग्नल लाल दिसला तरी तेच, गिअरमध्येच पाय उचला; आरपीएम हजार-बाराशेच्या जवळ आलं की क्लच.

मोजपट्टी
घाटाचा हिशेब इथे मांडून ठेवतो, कारण या मार्गाला तो फार वेगळा लागू पडतो. नारायणगाव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर, वाशी जवळजवळ शून्यावर. म्हणजे ही गाडी भरून *उतरते* आणि रिकामी *चढते*. नाशिक-कोल्हापूरकडे माल घेऊन चढणाऱ्यांच्या उलट. साडेतीन टन साडेसहाशे मीटर वर न्यायला इंजिनाची कार्यक्षमता ३३ टक्के धरली तर जवळपास १.९ लिटर लागतं, साडेसतराशे-अठराशे किलोला १ लिटर. म्हणून या गाडीचं जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज वेगवेगळं काढा. जाताना चांगलं आणि येताना खराब निघालं तर दचकू नका. पण येतानाचं अगदीच पडलं असेल तर कारण वजनात नाही, वाऱ्यात शोधा.

ताडपत्री
वाऱ्याबद्दल बरोबर बोललात. रिकामी कॅरेट परत आणताना लोकांचा हिशेब चुकतो तो इथेच. भरलेलं कॅरेट २० किलो माल आणि दीड-दोन किलो स्वतःचं, म्हणजे २२ धरा. १.७ टनात ७७ कॅरेट बसतात. हौद्यात एका थरात २१ च्या आसपास मावतात, म्हणजे चार थर, आणि चौथा थर केबिनच्या टपाच्या वर डोकं काढतो. येताना तीच ७७ रिकामी, वजन जेमतेम १४० किलो, पण उंची तीच. ही कॅरेट एकात एक बसत नाहीत ना. गाडी हलकी वाटते म्हणून ड्रायव्हर ८० ला पळवतो.

पाच गोष्टी. चौथा थर अर्धाच असेल तर तो पुढे केबिनला चिकटून लावा, मागे फाळक्याकडे नाही. मागे लावला तर केबिन आणि मालामध्ये खड्डा पडतो, वारा त्यात आदळतो, शिवाय वजन मागच्या ॲक्सलच्या पलीकडे जाऊन पुढचं स्टिअरिंग हलकं होतं. ताडपत्री पाऊस असेल तेव्हाच, एरवी जाळी. ताडपत्री टाकलीच तर दोर हातभर अंतरावर आडवे हवेत, फडफडणारी ताडपत्री म्हणजे गाडीला बांधलेलं शीड. रिकामं जाताना ताडपत्रीच्या कमानी उभ्या ठेवू नका. आणि बॉडीवाल्याने चढवलेला लोखंडी सांगाडा, टपावरचं कॅरिअर, जादा जाळ्या यांचं वजन एकदा काट्यावर करा. शंभर-सव्वाशे किलो सहज निघतं, ते दर फेरीला फुकट फिरतंय आणि पासिंगच्या वजनातून वजा होतंय.

९०-१०० कॅरेट भरणाऱ्यांसाठी: डिझेल बाजूला ठेवा, कलम १९४ खाली ओव्हरलोडला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड आहे. त्यात कित्येक फेऱ्यांचं वाचलेलं डिझेल जातं.

मोजपट्टी
आकडे हवे असतील तर: गाडी साडेतीन टन, टायरचा घर्षणांक ०.०११ धरला की चाकांचा अडथळा साधारण ३७० न्यूटन. हा वेगाने फारसा बदलत नाही. वाऱ्याचा अडथळा ६० ला ३३० न्यूटन, ८० ला ५९०. बेरीज ७०० आणि ९६०. म्हणजे सपाट रस्त्यावर ६० चे ८० केलेत की ओढायला ३७ टक्के जास्त जोर.

येताना गाडी १.९ टन. चाकांचा अडथळा २०५ वर येतो, वारा मात्र ५९० च. रिकाम्या गाडीत ८० ला पाऊण डिझेल निव्वळ हवा ढकलण्यात जातं. ४० किमीचा मोकळा पट्टा ८० ऐवजी ६० ने कापला तर १० मिनिटं जास्त लागतात आणि पाऊण लिटरच्या आसपास डिझेल वाचतं.

माळशेज_उतार
कागदावर ठीक आहे हो. जाताना पहाटेच्या बाजाराला गाडी वेळेत लागली नाही तर कॅरेटमागे भाव पडतो त्याचं काय? दहा मिनिटांत साठ-सत्तर रुपयांचं डिझेल वाचवायचं आणि ७७ कॅरेटवर पाच-पाच रुपये घालवायचे?

ताडपत्री
हा मुद्दा रास्त आहे, त्याला माझ्याकडे तोड नाही. पण येताना कुठला बाजार गाठायचाय? येतानाचे १७० किमी ६०-६५ ने आले तर कोणाचं काही बिघडत नाही. मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहणं हे त्याहून सोपं. रोज तासभर, महिन्याचे २६ दिवस, तासाला ०.७ लिटरने १८ लिटर होतात. सोळाशे रुपये, एक मीटरही न हलता. (टर्बोला थंड व्हायला घाटानंतर एक-दोन मिनिटं आयडल पुरतं.)

हौदा१७००
ओबीडीचं वाचन केलं. चाकण-तळेगाव पट्ट्यात ६० ने अर्धा तास चालल्यावर कुलंट ६६ ते ६९. घाट चढताना ८१ पर्यंत गेलं, वर पोचल्यावर दहा मिनिटांत परत ७०. रेडिएटरवाल्याला विचारलं तर म्हणाला वॉल्व्ह जाम होता, काढून टाकला, आता गाडी कधी तापणार नाही.

जीपीएसवर ५२ किमीला मीटरने ५१.१ दाखवले.

कुलंट
सापडलं. नवा घ्या, आपल्याच इंजिनाच्या पार्ट नंबरचा. उघडायचं तापमान त्याच्या अंगावर कोरलेलं असतं, बहुतेक ८२ च्या आसपास. बसवण्याआधी घरीच तपासा: पातेल्यात पाणी, वॉल्व्ह दोऱ्याने मध्ये लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तबकडी हलायला लागली पाहिजे आणि उकळीच्या जवळ पूर्ण उघडली पाहिजे. गार झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. नवा म्हणून न तपासता बसवू नका, नवाही बिघडलेला निघतो.

बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, अडकलेली हवा तिथून निघते. बसायच्या जागेवरचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा. कुलंट तयार मिळतं ते, किंवा गाढं असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात शुद्ध पाण्यात. नळाचं, बोअरचं पाणी नाही. त्यातल्या क्षाराने रेडिएटर पुन्हा भरतो, गाडी पुन्हा तापते आणि कोणीतरी पुन्हा वॉल्व्ह काढतो. भरल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे जाऊ द्या, मग पातळी पुरी करा.

त्यानंतर गाडी खरंच तापली तर वॉल्व्हला दोष देऊ नका. फॅन क्लच (पंखा गरजेपुरता इंजिनाला जोडणारा भाग), रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल आणि झाकणाची स्प्रिंग बघा. फॅन क्लच उलट बाजूनेही बिघडतो: जाम होऊन कायम लागलेला राहतो. सकाळी थंड इंजिन जरा रेज केल्यावर विमानासारखा आवाज कमीच होत नसेल तर तो फॅन सतत डिझेल खातोय.

राखकण
वॉल्व्हमुळे अजून एक बिघडत असेल, ते इथे कोणी बोललं नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी सायलेन्सरच्या वाटेवरची जाळी.

बीएस-६ डिझेलमध्ये काजळी डीपीएफच्या जाळीत साठते. ठरावीक साठली की ईसीयू जादा डिझेल सोडून धुराचं तापमान ५५०-६०० अंशांवर नेतो आणि काजळी जाळतो. हे रिजनरेशन. त्या वेळी आयडल जरा चढतं, आवाज बदलतो, डिझेल जास्त लागतं. ते पूर्ण झालं तर ठीक, पुढचं बऱ्याच किमीनंतर येतं. अर्धवट तुटलं तर ते पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल.

आता जोडून बघा. बऱ्याच गाड्यांत इंजिन पुरेसं तापल्याशिवाय रिजन सुरूच होत नाही. कुलंट ६७ वर असेल तर काजळी साठतच राहते. घाट चढताना ८० पार झालं की रिजन सुरू होतं, वर पोचून सपाटी लागली की इंजिन गार, रिजन तुटलं. आणि भरल्या गाडीने उतरताना तर इंजेक्शनच बंद असतं, सायलेन्सर थंड होतो. अर्धवट रिजनमधलं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या *वर* गेली असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर ऑइल ताबडतोब बदला. पातळी वाढली म्हणून खूश होणारे लोक बेअरिंग घालवतात.

वॉल्व्ह बसल्यावर येतानाच्या प्रवासात एकदा २० मिनिटं सलग, २००० आरपीएमच्या वर, मधे न थांबता चालवा. ऑइल कमी राखेचंच हवं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं. जुन्या गाडीचं उरलेलं १५डब्ल्यू-४० ओतलं तर त्याची राख जाळीत बसते, आणि राख रिजनने जळत नाही.

नवा_पंप
डीपीएफ कापून ईसीयूत मॅप (बदललेला प्रोग्राम) टाकून देतात, ॲव्हरेज दीडने वाढतं असं ऐकलंय. आणि डिझेलमध्ये टूटी (२टी, टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकल्याचा फायदा होतो का? हायवेला स्वस्त बायोडिझेल मिळतं तेही एकदा विचारायचं होतं.

राखकण
तिन्हीला नाही.

डीपीएफ काढणं म्हणजे कलम ५२ खालचा बेकायदा बदल. पासिंगला अडकते, वॉरंटी आणि अपघातानंतरचा विमा दोन्ही धोक्यात. चालू डीपीएफ मुळात ॲव्हरेज फार खात नाही, तुंबलेला खातो. तो का तुंबला ते शोधायचं.

टूटी ऑइल राख करणारं आहे, वर लिहिलंय तेच. हायवेच्या कडेला टँकरमधून विकलं जाणारं "बायोडिझेल" बहुतेकदा कसलंतरी औद्योगिक तेल असतं. कॉमन-रेलच्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळतं, त्या तेलात ते नसलं की पंप स्वतःलाच खातो, त्याची भुकटी रेलमधून चारही नोझलमध्ये जाते. रॉकेलचं तेच. लिटरला दहा रुपये वाचवून पंप, रेल, चार नोझल आणि टाकी धुणं असा खर्च येतो. चुंबक, पाण्यावरचा गॅस, गोळ्या यांच्यावर धाग्याची जागा घालवत नाही.

पाटा_नंबर_दोन
वॉल्व्हने सगळे १५ टक्के भरून निघणार नाहीत, माझा अंदाज सहा-सात. बाकीचं खाली शोधा. पावसाळ्यानंतर पहिलं बघायचं ते ब्रेक धरतोय का.

२० किमी सपाट चाला, शेवटचे दोन-तीन किमी ब्रेक न मारता, गिअरवर गाडी थांबवा. लगेच चारही ड्रम-डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. नसेल तर हात रिमच्या *जवळ* न्या, लावू नका. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत २० अंशांहून जास्त फरक दिसला तर गरम चाक धरतंय.

मग सपाट फरशीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून, हँडब्रेक सोडून, मागचं एक चाक जॅकवर, खाली स्टँड. गिअर न्यूट्रल. टायरच्या नक्षीत हूक अडकवून स्प्रिंगच्या तराजूने ओढा, चाक फिरायला लागल्यावर काटा किती दाखवतो ते लिहा. दोन-तीन किलो ठीक. सात-आठ दाखवत असेल तर ब्रेक चिकटलाय. ८ किलो म्हणजे ८० न्यूटन, वर मोजपट्टीने काढलेल्या ७०० मधले ११ टक्के. एका चाकाचे!

कारणं बहुतेक हीच: हँडब्रेकची केबल आवरणात गंजून परत न येणं, लायनर बदलताना ॲडजस्टर जास्त चढवणं, रिटर्न स्प्रिंग ढिली, पुढे कॅलिपरच्या पिना सुकलेल्या. पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या चेसिस ग्रीसने रबर फुगतं आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

टायरची हवा सकाळी गाडी हलवण्याआधी, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. रिकाम्याचा आणि भरल्याचा आकडा मागच्या चाकांना वेगळा असतो. चालून आल्यावर हवा वाढलेली दिसते म्हणून काढू नका. पंक्चरवाल्याचा गेज पाच पीएसआयने खोटा असू शकतो, स्वतःचा ठेवा. नायलॉनच्या टायरऐवजी रेडियल असेल तर चालायला हलकं; चारात दोन नायलॉन, दोन रेडियल अशी खिचडी नको.

हौदा१७००
वॉल्व्ह बसवला, पातेल्यात ८१ ला हलला. आता ६० च्या वेगाला कुलंट ८५-८७ स्थिर. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, बदललं.
तापमानं: पुढे डावं ५८, उजवं ६१. मागे डावं ६४, उजवं ९७. तराजूवर मागचं डावं अडीच, उजवं साडेसात. हँडब्रेकची उजवी केबल सोडल्यावरही पाव इंच ताणलेलीच होती. केबल बदलली, लायनर सेट केले, आता तीन.
चार फेऱ्या: १३६२ किमी, १०९.८ लिटर. १२.४.

मोजपट्टी
मीटर १.७ टक्के कमी दाखवतंय, म्हणजे खरं १२.६. जुने १३ घासलेल्या टायरवरचे होते. आत्ताच्या टायरवर तेच १२.७५ दिसले असते. म्हणजे आता उरलेला फरक तीन टक्क्यांच्या आत आहे.

नवा_पंप
मग नोझल करायचेच नाहीत का?

कुलंट
लक्षण असेल तर करायचे. सकाळी स्टार्टला वेळ, आयडलला एक सिलिंडर थडथड, पांढरा किंवा काळा धूर. तेव्हाही आधी रिटर्न टेस्ट (नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजणं): चारही नोझलच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, इंजिन गरम असताना आयडलला ठरावीक वेळ चालवा, पातळ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट आलं तर तोच एक नोझल काढा, चारही नाही. नवा किंवा दुरुस्त केलेला बसवल्यावर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या, नाहीतर तो सिलिंडर चुकीच्या मापाने डिझेल घेत राहतो. आणि चालू इंजिनाचा हाय प्रेशर पाइप जुन्या पद्धतीने ढिला करून "कुठला सिलिंडर मारतोय" बघू नका. आत आयडललाही शेकडो बारचा दाब असतो, ती धार कातडीच्या आत डिझेल घालते. हात कापावे लागलेले आहेत लोकांचे.

डिझेल फिल्टरच्या खालचं पाणी मात्र दर महिन्याला सोडा, दिवा लागायची वाट न बघता.

पाटा_नंबर_दोन
उरलेल्या तीन टक्क्यांसाठी पुढच्या टायरची नक्षी तळहाताने बाहेरून आत आणि आतून बाहेर चोळून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखी लागली तर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) बिघडलाय, अलाइनमेंट करा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बघताना ते एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खाचेत नीट बसलंय का ते टॉर्चने पहा. बोल्ट तुटून ॲक्सल अर्धा इंच सरकला की गाडी रस्त्यावर तिरकी चालते आणि चारही टायर कडेने घासतात. मोजायला सोपं: डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोरी ताणा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन मापांत १० मिमीहून जास्त फरक नको.

हौदा१७००
दोरीने डावीकडे २२ मिमी जास्त आलंय. उद्या उजव्या पाट्याचे यू-बोल्ट सोडून बघतो. टॉर्क किती द्यायचा?

पाटा_नंबर_दोन
आधी हे बघा की पुढची चाकं सरळ होती ना. जरा वळलेली असली तरी दोन्हीकडच्या मापात फरक येतो. परत मोजून तेवढंच आलं तर सोडा. टॉर्क तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, अंदाजे नाही. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टचे चारही नट नवे टाका. कसताना गाडीचं वजन चाकांवर हवं, चारही नट आळीपाळीने, कोपऱ्याला कोपरा. शंभर किमी भरून चालल्यावर परत कसा, पाटे बसतात आणि नट ढिले पडतात.